वसंतराव आले

आमच्या घरी वसंत सगळ्यात आधी आईच्या छातीत यायचा. क्लबासमोरच्या सावरीला अजून कळ्याही धरलेल्या नसायच्या, सकाळच्या पाळीला निघालेल्यांच्या सायकलींच्या सीटवर दव असायचं, आणि अशाच एखाद्या सकाळी पोळपाटाच्या खडखडीमागून एक बारीक शिट्टी ऐकू यायची. लांब कुठे कुणी रबरी फुगा पिळतंय तशी. श्वास घेताना नाही, सोडताना. ताई आणि मी अंथरुणातच एकमेकींकडे बघायचो. आजपासून सुरू झालं, एवढंच त्या बघण्यात असायचं.

आता मी भोपाळातच, साकेत नगरात राहते. माघ लागला की फोनवर पळसाचे फोटो यायला लागतात, आमच्या इमारतीतल्या बायका पिवळ्या साड्या नेसून गच्चीवर जमतात, मलाही बोलावतात. मी जाते. पिवळी साडीसुद्धा नेसते. पण पहिली कोकीळ ओरडली की बाकीच्यांचे कान तिच्याकडे असतात आणि माझे कुणाचा श्वास वाजतोय का तिकडे. ही सवय आता जायची नाही.

आमचं क्वार्टर कारखान्याच्या टाउनशिपच्या अगदी कडेला होतं. पुढे बसायची खोली, मागे आतली खोली, तिला चिकटून स्वयंपाकघर, मग फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला भिंतीला लागून न्हाणीघर. भिंतीपलीकडे एक भलं मोठं झाड होतं. आई नागपूरची, ती त्याला वावळ म्हणायची. शेजारच्या भटनागर आंटी चिरोल म्हणायच्या. थंडीत ते झाड पार खराटा व्हायचं. मग संक्रांतीनंतर केव्हातरी त्या उघड्या काड्यांवर मळकट हिरवे झुबके दिसायला लागायचे. फूल म्हणावं असं त्यात काही नव्हतं, कुणीतरी वरून धूळ भुरभुरवल्यासारखं दिसायचं. त्यानंतर पंधरवड्यात त्याच जागी कागदासारख्या पातळ चकत्या लोंबायच्या, आणि शिशिराचा वारा सुटला की त्या उडून अंगणात, पाण्याच्या हंड्यात, वाळत घातलेल्या गाद्यांवर, सगळीकडे पसरायच्या. भटनागरांची मुलं त्या चकत्या सोलून आतलं बी खायची. ती खाताना हसायची, आणि इकडे आई दाराच्या चौकटीला एक हात लावून उभी असायची.

त्या दिवसांतलं बाकीचं सगळं किती सुंदर असायचं, हे आज आठवलं की मला राग येतो. ऊन हळूहळू अंगणाच्या मधोमध यायचं. शेवग्याला पांढरा बहर यायचा आणि त्यावर इवले इवले जांभळे पक्षी उलटे लटकायचे. तांबट पक्षी दिवसभर ठोके देत बसायचा. बाजारात हिरव्या हरभऱ्याचे ढीग लागायचे, मटार इतका स्वस्त व्हायचा की रोज संध्याकाळी ताई परातभर शेंगा सोलायची. प्रत्येक क्वार्टरपुढे फ्लॉक्स आणि डेलिया फुललेले असायचे, कारण कारखान्याची बगीचा स्पर्धा जवळ आलेली असायची. लोक संध्याकाळी बायकामुलांना घेऊन दुसऱ्यांच्या बागा बघत फिरायचे. आमच्या फाटकाशी थांबून म्हणायचे, "क्या मौसम है, भाईसाहब!" आणि बाबा फाटकावर रेलून म्हणायचे, "अजी, जन्नत है जन्नत!"

बाबा उज्जैनचे. कारखान्यात मोटरींच्या वाइंडिंगच्या शॉपमध्ये चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, होते. उंच, गोरे, केस मागे वळवलेले. टाउनशिपमध्ये त्यांना कोण ओळखत नव्हतं? ते नकला करायचे. साध्यासुध्या नाही. मोठ्या साहेबांचा इंग्रजीतला तोतरेपणा, शॉपमधल्या क्रेनचा कण्हत जाणारा आवाज, हबीबगंज स्टेशनवरच्या लाउडस्पीकरचं नाकातलं बोलणं, केरळच्या फोरमनची हिंदी, सरदारजींचं शिंकणं. डोळे मिटून ऐकलं तर तो माणूस समोर उभा आहे असंच वाटायचं. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचा नंबर शेवटी ठेवायचे, कारण त्यानंतर कुणाचंही गाणं लोक ऐकून घेत नसत. साहेबांची नक्कल साहेबांसमोर करून ते साहेबांनाच हसवायचे. असा माणूस घरात असणं ही चैन आहे, असं शेजारच्या बायका आईला सांगायच्या. आई मान हलवायची.

कारण घरात त्यांच्याकडे नकलेसाठी एकच माणूस होता. आईचं नागपुरी बोलणं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उचललं होतं म्हणे. आई म्हणायची, "भाजी करून राहिले, बसा." तर बाबा तिच्याच आवाजात, तिच्याच मान वाकडी करण्यासकट म्हणायचे, "मी बसून राहिलो, तुम्ही करून राहा." आई हळूहळू बोलायचीच कमी झाली. मग माघात श्वास वाजायला लागला की बाबांचं काम आणखी सोपं व्हायचं. न बोलणाऱ्या बाईचासुद्धा आवाज त्यांना मिळायचा.

त्या शिट्टीला त्यांनी नाव ठेवलं होतं. वसंतराव. सकाळी चहाला बसताना कान टवकारायचे आणि दाराकडे बघून म्हणायचे, "आले का वसंतराव? या, या, बसा. यंदा लवकर आलात!" मग ओठ न हलवता घशातून ती शिट्टी काढायचे. अगदी तशीच. आधी बारीक, मग मधे एक कफ अडकल्याचा खरखराट, मग पुन्हा बारीक. भटनागरांची मुलं मुद्दाम सकाळी आमच्याकडे यायची आणि म्हणायची, "अंकल, वसंतराव बुलाओ ना!" बाबा बोलवायचे. आई गॅसपाशी पाठ करून उभी असायची आणि तिच्या पाठीवरून कळायचं की ती श्वास कोंडून धरते आहे, म्हणजे दोन आवाज एकत्र होऊ नयेत.

कारखान्याच्या हॉस्पिटलमधून गोळ्या यायच्या. त्या घेतल्या की आईचे हात थरथरायचे आणि चहा बशीत सांडायचा. अडुळसा, मध, ओव्याची पुरचुंडी, गरम पाण्याची वाफ, सगळं चालायचं. रात्री ती गादीवर आडवी होऊच शकायची नाही, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डोळे मिटायची. तेवढं वावळीचं झाड काढून टाकलं तर बरं वाटेल असं तिला वाटायचं. झाडं कारखान्याच्या मालकीची, पण अर्ज दिला तर फांद्या छाटून मिळायच्या. तिने बाबांना एकदाच म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "लोक झाडं लावतात, तू तोडायला निघालीस. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे. वैशाखात कुठे जातो दमा? तेव्हा झाड नसतं का?" या प्रश्नाचं उत्तर आज मला माहीत आहे. माझी भाची डॉक्टर आहे, तिने एका वाक्यात सांगितलं. फुलांचा बारीक पराग संपला की त्रास संपतो. आईला कुणी ते एक वाक्य सांगितलं नाही.

ताईचं नाव मंदा. माझ्याहून बरीच मोठी. बी.ए. झाली आणि तिच्यासाठी स्थळं बघायला लागले. ताई दिसायला आईसारखी, सावळी, शांत, आणि हाताने फार नेटकी. पहिलं स्थळ उज्जैनचंच होतं, बाबांच्या ओळखीतलं. ते लोकही माघातच आले होते. सगळं पसंत पडलं होतं, आणि आई त्यांना पाणी द्यायला वाकली तेव्हा तिचा श्वास वाजला. नवऱ्या मुलाच्या मावशीने तांब्या घेता घेता विचारलं, "दमा आहे वाटतं? तुमच्या आईलाही आहे का?" आई खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "हो, आहे ना." आठवड्याने नकार आला. बाबांनी त्या दिवशी नक्कल केली नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "तुझा श्वास माझ्या मुलीच्या आयुष्यावर बसलाय." आईने पानातला भात तसाच ठेवला.

पुढच्या वर्षी इंदूरचं स्थळ आलं. मुळ्ये वकील. मुलगा सिंचन खात्यात इंजिनिअर, एकुलता एक, स्वतःचं घर. बाबांनी त्यांना चैत्रात या म्हणून कळवलं होतं. पण मुळ्यांचं भोपाळला काही काम निघालं आणि त्यांनी निरोप धाडला की रविवारी येतो. तो रविवार नेमका झाडाला चकत्या लागायच्या आधीचा, म्हणजे आईला सगळ्यात वाईट असणाऱ्या दिवसांतला.

आदल्या दिवशी भोपाळातल्याच कोटऱ्याहून कुंदाकाकू मदतीला आली. ती बाबांच्या चुलतभावाची बायको. खणखणीत आवाज, हातभर बांगड्या, कुठेही गेली की ते घर तिचंच. रविवारी आईने पहाटेपासून मटाराच्या करंज्या केल्या, गाजराचा हलवा आटवला, पोह्यांची फोडणी तयार ठेवली. गोळ्या दुप्पट घेतल्या होत्या. हात इतके कापत होते की करंज्यांच्या कडा ताईने दुमडून दिल्या. आईने जरीकाठी साडी काढून ठेवली होती, अंजिरी रंगाची. बाबा तोवर काही बोलले नव्हते. मला वाटतं त्यांनाही आशा होती की आज आवाज बसेल.

बसला नाही. तळणीचा धूर छातीत गेला आणि आईची शिट्टी बाहेरच्या खोलीत ऐकू यायला लागली. बाबा दाढी करून, पांढरा सदरा घालून स्वयंपाकघरात आले. तिच्याकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हबीबगंजहून भाड्याची जीप करून मंडळी ठरल्या वेळेआधीच आली होती.

बाबा कुंदाकाकूला म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही बसायचं बाहेर. ही नागपूरला गेली आहे. हिच्या आईचं बरं नाही."

कुंदाकाकूसुद्धा दचकली. "अहो पण भाऊजी, घर एवढंसं. त्या बसणार कुठे? भटनागरांकडे..."

"भटनागरीण पाहुणे बघायला इथे येऊन उभी राहील आणि भाभी कहां है म्हणून विचारेल. ते नको." मग आईकडे वळून, अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, "न्हाणीत बस थोडा वेळ. मंदासाठी."

आईने हातातला झारा खाली ठेवला. साडीला पीठ लागलं होतं ते झटकलं. जाताना ताईच्या कपाळावरची टिकली सरळ केली आणि अंगणात गेली. ती आत शिरल्यावर बाबांनी बाहेरून कडी घातली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला म्हणाले, "तू इथून हलू नकोस. काकू मागतील ते नेऊन दे."

म्हणून मला ते सगळं दिसलं. दोन खोल्यांच्या मधल्या पडद्याची एक कड आखूड होती, तिथून बाहेरची खोली दिसायची. मुळ्ये वकील आरामखुर्चीत बसले होते. बारीक, नीटस, चष्मा, मांडीवर घडी केलेला रुमाल. त्यांची बायको भिंतीशी पाय जुळवून बसलेली, सारखी हसरी. मुलगा खिडकीतून आमच्या डेलियांकडे बघत होता. ताई पिवळ्या साडीत, करंज्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली.

बोलणं छान चाललं होतं. मुळ्यांनी करंजीचं कौतुक केलं. "कुणी केल्या?" म्हणून विचारलं, कुंदाकाकू म्हणाली, "मीच केल्या, दुसरं कोण?" मुळ्यांच्या बायकोने मुलीच्या आई दिसत नाहीत असं म्हटलं, बाबांनी नागपूरचं सांगितलं, त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग मुळ्ये म्हणाले, "तुमच्या नकलांची फार कीर्ती ऐकली आहे हो. आम्हाला काही ऐकवणार की नाही?"

बाबा खुलले. त्यांनी क्रेन केली, स्टेशनचा लाउडस्पीकर केला, मुलगासुद्धा खिडकीतून वळून हसायला लागला. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. आणि लाउडस्पीकर संपून सगळे हसत असताना, हसण्याच्या मधल्या फटीतून, अंगणातून तो आवाज आला. न्हाणीघराच्या पत्र्यावर वारा नुसता धुळीसारखा तो पराग ओतत असणार. आईचा श्वास मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. लांब, फाटत जाणारी शिट्टी. मग खरखर. मग पुन्हा.

कुंदाकाकूच्या हातातल्या बांगड्या थांबल्या. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे पडद्याकडे आले.

मुळ्ये वकील पुढे झुकले आणि म्हणाले, "वा! हे कसं काढलंत? ओठ तर हलले नाहीत!"

बाबांनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. स्टेजवर झुकवायचे तशी. मुळ्ये टाळ्या वाजवायला लागले, त्यांच्या बायकोनेही वाजवल्या, मुलाने वाजवल्या. कुंदाकाकूने सगळ्यात शेवटी.

"पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या," मुळ्ये म्हणाले.

अंगणातला आवाज थांबला होता. टाळ्या तिथपर्यंत ऐकू गेल्या असणार. मला तिची पाठ डोळ्यांसमोर दिसत होती, भिंतीला टेकलेली, श्वास कोंडून धरलेली. बाबांनी गळा साफ केला, नजर छताकडे लावली आणि ती शिट्टी काढली. अगदी तशीच. आताच्या आताच ऐकलेली, फाटत जाणारी, मधे खरखर, मग पुन्हा बारीक. मुळ्ये त्यांच्याकडे बघत नव्हते. ते चष्म्यावरून ताईकडे बघत होते. मला वाटलं, चहा गार होतोय हे सुचवत असतील. ताई ट्रे धरून उभी होती, मान खाली, जशी उभी राहायला सांगितली होती तशी. बाबांचं संपल्यावर तिने ट्रे पुढे केला आणि मुळ्यांनी कप उचलला.

मंडळी निघाली तेव्हा बाबा त्यांना जीपपर्यंत पोहोचवायला गेले. तिथेही बोलणं रंगलं, वाकून वाकून निरोप घेणं झालं. जीप हलेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ताईने ट्रे मोरीत ठेवला आणि अंगणात धावली. कडी गंजलेली, तिच्याने निघेना, मी दगडाने ठोकली. आई पाण्याच्या बादलीवर ओणवी झाली होती. ओठ निळे, पदर दातांत धरलेला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तो तिने तोंडात कोंबला होता. श्वास वाजतच नव्हता आता, आणि तेच भयंकर होतं. ताईने पदर ओढून काढला आणि ओरडली. भिंतीवरून भटनागर आंटींचं डोकं वर आलं. "हाय राम, भाभी का रंग तो देखो!" त्यांनीच धावत कोपऱ्यावरच्या साहेबांच्या बंगल्यावरून फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. समोर थोड्या वेळापूर्वी जीप उभी होती हे मला त्या ॲम्ब्युलन्सची वाट बघताना सुचलं.

आई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वॉर्डात तिच्या पलंगाशी बसलो होतो तेव्हा बाबा आले. हातात पेढ्यांचा पुडा. मुळ्यांनी इंदूरला पोहोचायच्या आधीच होकार कळवला होता, मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, वैशाखातला मुहूर्त बघा. बाबांनी पेढा मोडला, आईच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दोन बोटांनी वर उचलला आणि तुकडा आत सरकवला. "तोंड गोड कर. झालं तुझ्या मुलीचं." आईने तो चावला. चावताना श्वास लागत होता, पण चावला.

ताई म्हणाली, "मी हे लग्न करणार नाही."

"का?" बाबा शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे? सांग ना. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग." शेजारच्या पलंगांवरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. ताईचे ओठ हलले, शब्द आला नाही. बाबांनी तिच्या ओठांच्या त्या थरथरण्याची नक्कल केली, अगदी छोटीशी, पेढ्याचा पुडा बांधता बांधता, आणि निघून गेले.

आईने स्वतःच मास्क बाजूला केला. "हो म्हण, मंदा."

"आई, काय बोलतेस तू?"

"हो म्हण आणि निघ इथून. मी सगळं ऐकून राहिले होते आतून. चांगली माणसं वाटली गं. इतका आवाज झाला, कुणी वाकडं विचारलं नाही. खरंच नक्कल वाटली त्यांना. साधी आहेत." एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. "साध्या माणसांत जा. तिथे कुणी तुझ्या मागे असं..." तिने हात हलवला आणि मास्क पुन्हा तोंडावर ओढला.

वैशाखात लग्न झालं. आईचा श्वास तोवर मोकळा झाला होता. अंजिरी साडी नेसून ती मांडवात उभी होती, नागपूरहून परत आलेली म्हणून. मुळ्ये वकिलांनी तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "नागपूरची हवा मानवली वाटतं तुम्हाला." आई ओशाळून हसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "किती आस्थेने विचारलं बघ."

ताई माहेरी यायची ती उन्हाळ्यात नाहीतर दिवाळीत. पौष ते चैत्र तिला पाठवत नसत. तिकडची हवा त्या दिवसांत चांगली नसते, असं मुळ्यांचं म्हणणं. आईला त्याचंही कौतुक. आणि बाबांनी गणपतीच्या कार्यक्रमात एक नवी नक्कल आणली होती. बंद ओठांची शिट्टी. वकिलांसारख्या जाणकाराने दाद दिलेली, असं सांगून ते ती सुरू करायचे. मंडळाच्या सतरंजीवर बायकांच्या रांगेत आई बसलेली असायची. लोक वन्समोअर द्यायचे. घरात मात्र वसंतराव त्यानंतर कधी आले नाहीत. बाबांना दया आली होती असं नाही. स्टेजवर चालणारी चीज ते घरात फुकट वाया घालवत नसत.

आई गेली ती एका भाद्रपदात, झोपेत, श्वासाचा काहीही त्रास नसताना. बाबा तिच्यामागे खूप जगले. टाउनशिपमधली जुनी माणसं अजून भेटली की त्यांच्या आठवणीने डोळे पुसतात. म्हणतात, "तुमच्या घरात काय हशा असेल नाही!"

यंदा माघात ताई माझ्याकडे राहायला आली होती. तिला जवळच्या हॉस्पिटलात डोळे दाखवायचे होते. तिचे सासूसासरे कधीच गेले, यजमानांनाही जाऊन वर्षं झाली. सकाळी आम्ही बाल्कनीत बसून मटार सोलत होतो. वावळीचा तो मळकट बहर रस्त्यापलीकडे दिसत होता, आणि मी बोलता बोलता त्या रविवारबद्दल म्हटलं, "बरं झालं, निदान त्या लोकांना कळलं नाही."

ताई शेंग सोलत म्हणाली, "कळलं होतं की."

मी हातातली शेंग टोपलीत परत टाकली.

"लग्न होऊन महिना झाला असेल. रात्रीचं जेवण चाललं होतं. सासरे म्हणाले, 'सूनबाई, तुझी आई त्या दिवशी न्हाणीत होती ना?' मी वाढतच राहिले. तर म्हणाले, 'माझी थोरली बहीण दम्यानेच गेली. माझ्या मांडीवर गेली. तो आवाज मला कळणार नाही होय?'" ताईने दाणे परातीत टाकले. "मी विचारलं, मग पुन्हा एकदा का म्हणालात? सासूबाई हसल्या. नेहमी हसायच्या तशाच. सासरे म्हणाले, 'तुझे वडील काय करणार ते पहिल्या वेळीच दिसलं होतं. मला तुला बघायचं होतं. ट्रेमधला एक कप वाजला नाही. तेव्हाच ठरवलं, हीच मुलगी. ही आपल्या घरात कधी आवाज करायची नाही.'"

"आणि भावजी?"

"ते जेवत होते."

खाली रस्त्यावर भाजीवाला हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या ओरडून विकत होता. मी विचारलं, "आईला सांगितलंस कधी?"

"सांगणार होते. पहिल्यांदा माहेरी आले ना, तेव्हाच. सगळं मनात जुळवून आले होते. आई माझ्या केसांना तेल लावत होती. लावता लावता म्हणाली, 'मंदा, माझ्या जन्मात एक गोष्ट चांगली झाली बघ. तुला साध्या माणसांत दिलं.'"

ताईने पुढची शेंग उचलली.

"मी म्हटलं, हो आई."